पोर्सिलेनला डाग पडत नाही, कडेला पडतो

माझ्या वरच्या चार पटाशीच्या दातांवर पोर्सिलेनची व्हिनिअर्स, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ पापड्या, बसवली, त्याला आता दशक उलटून गेलं. व्हिनिअर्सचा विचार करणारं कोणी भेटलं की मला दोनच गोष्टी विचारतात: किती वर्षं टिकतात, आणि पिवळी पडतात का? दोन्ही प्रश्न पोर्सिलेनबद्दल असतात. माझं उत्तर मात्र बहुतेक वेळा दाताबद्दल आणि पापडी दाताला चिकटवणाऱ्या सिमेंटबद्दल असतं, कारण एवढ्या वर्षांत माझ्या पोर्सिलेनचा रंग जराही बदललेला नाही. जे काही बदललं, जिथे काळजी घ्यावी लागली, ते सगळं पोर्सिलेन जिथे संपतं त्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे.

लहानपणी पडून माझा वरचा समोरचा एक दात मेला. त्याचं रूट कॅनाल झालं, दात वाचला, पण हळूहळू काळसर होत गेला. मार लागल्यावर दाताच्या आतल्या पोकळीत रक्तस्राव होतो आणि त्यातली रंगद्रव्यं डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या कठीण वरच्या कवचाखालच्या (इनॅमलखालच्या) थराच्या, सूक्ष्म नळ्यांत उतरून तिथेच मुरतात. म्हणजे हा डाग वरून घासून जाणाऱ्यातला नव्हता. शेजारच्या तीन दातांच्या कडाही त्याच पडण्यात कमीजास्त उडाल्या होत्या. त्या मोठेपणी कंपोझिटने भरून घेतल्या, आणि काळ्या दातावरही पुढून कंपोझिटचा थर चढवला.

कंपोझिटबद्दल मला तक्रार करायची नाही. त्यासाठी दात फारसा घासावा लागत नाही, एकाच बैठकीत काम होतं आणि तुटलं तर तोंडातल्या तोंडात दुरुस्त होतं. पण डागांच्या बाबतीत मी त्याचा पुरता अनुभव घेतला. कंपोझिट म्हणजे काचेची किंवा सिरॅमिकची अतिशय बारीक भुकटी मिसळलेलं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. हे रेझिन थोडंथोडं पाणी शोषतं आणि पाण्याबरोबर चहा-कॉफीचा रंगही आत घेतं. शिवाय रोजच्या घासण्याने वरचं रेझिन झिजतं, भुकटीचे कण उघडे पडतात, आणि त्या खरखरीत पृष्ठभागाला डाग जास्त चिकटतो. पॉलिश केलं की काही महिने बरं दिसायचं, मग पुन्हा पिवळसर झाक. आत मुरलेला रंग पॉलिशने जात नाही. माझं काम रोज लोकांसमोर उभं राहून बोलण्याचं. हसताना वरचा ओठ खाली ओढून धरायची सवय अंगात इतकी भिनली होती की फोटोंमध्ये माझा चेहरा मलाच परका वाटायचा. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण दिसण्यासाठी दातांचं काही करून घेणं म्हणजे हौस, असं बोलणारी माणसं भेटतात. त्यांनी एकदा वर्षानुवर्षं ओठ मिटून हसून बघावं.

व्हिनिअर्ससाठी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी रंगाचा विषय काढलाच नाही. आधी खालचे दात बघितले, त्यांच्या कडांवर झिजून सपाट झालेल्या चकचकीत जागा शोधल्या, गालाच्या स्नायूंवर बोटं ठेवून मला दात आवळायला लावले. ‘‘तुम्ही झोपेत दात खाता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘व्हिनिअर्स करता येतील, पण रात्री दातांवर बसणारा गार्ड घालायची तयारी असेल तरच. नसेल तर मी करणार नाही.’’ मला ही अट तेव्हा कडक वाटली. आज मी ती सगळ्यात महत्त्वाची मानते.

त्यांनी दुसरी गोष्ट समजावली ती इनॅमलची. व्हिनिअर म्हणजे साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीची पोर्सिलेनची पापडी. ती सुटी हातात घेतली तर दोन बोटांत मोडेल. पोर्सिलेन दाब चांगला सोसतं, पण वाकवलं की तडकतं. तिला ताकद येते ती इनॅमलला चिकटल्यावर. इनॅमल जवळजवळ पोर्सिलेनइतकंच ताठ असतं, त्याखालचं डेंटिन मात्र बरंच लवचीक. ठोस, सपाट कोब्यावर चिकटवलेली फरशी वर्षानुवर्षं जड वजन सोसते आणि खाली पोकळ किंवा मऊ जागा राहिली की तीच फरशी पहिल्या धक्क्याला चिरते, तसंच हे. म्हणून जितकं इनॅमल शाबूत, तितकं व्हिनिअर टिकाऊ. पुढे मी याबद्दल वाचलं, तेव्हा २०१३ सालचा एक अभ्यास सापडला. त्यात बारा वर्षांपर्यंतची व्हिनिअर्स तपासली होती. ज्यांची कड डेंटिनवर होती किंवा जी डेंटिनला चिकटवलेली होती, ती निकामी होण्याचं प्रमाण इनॅमलवरच्यांपेक्षा सुमारे दहापट आढळलं. सामान कुठलं वापरलं याने एवढा फरक पडत नाही.

या सगळ्याचा इतिहासही हेच सांगतो. कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२८ च्या सुमारास चित्रपटातल्या नटनट्यांसाठी दातांवर बसवायच्या पातळ पापड्या केल्या होत्या. दिसायला त्या उत्तम होत्या, पण कवळीच्या पावडरने चिकटवलेल्या, म्हणजे चित्रीकरण संपलं की काढून ठेवायच्या. पापडी होती, चिकटण्याची सोय नव्हती. १९५५ मध्ये मायकल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरवडून त्यावर रेझिन घट्ट बसवता येतं हे दाखवलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिमोन्सेन आणि कॅलामिया यांनी पोर्सिलेनच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक आम्लाने तशीच पकड निर्माण करता येते हे दाखवलं. मग कुठे दोन्ही बाजू जुळल्या. आज आपण ज्याला टिकाऊ व्हिनिअर म्हणतो त्याचं वय खरं तर तेवढंच.

माझ्या मेलेल्या दाताचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होता. पातळ पोर्सिलेनमधून उजेड आरपार जातो. ते दातासारखं दिसतं ते त्यामुळेच, पण त्याच कारणाने खालचा काळेपणाही राखाडी छाया बनून वर येतो. तो झाकायला एक तर पोर्सिलेन अपारदर्शक करायचं, म्हणजे दात खडूसारखा निर्जीव दिसणार; नाही तर जाड करायचं, म्हणजे आणखी इनॅमल घासायचं. डॉक्टरांनी दोन्ही टाळून दात आतून उजळवला. मागच्या बाजूने छिद्र उघडून आत ब्लीचचं औषध ठेवायचं, वर तात्पुरतं भरण, काही दिवसांनी बदलायचं. रंग पूर्ण जुळला नाही, पण बराच जवळ आला. त्याच काळात बाकीचे दातही ट्रे घालून थोडे पांढरे करून घेतले. डॉक्टरांचं म्हणणं होतं, ‘‘शेजारचे दात उजळवायचे असतील तर आधी. पोर्सिलेन एकदा भाजलं की त्याची शेड ठरली, ब्लीचने ते कधीच बदलणार नाही.’’ मग दोन आठवड्यांहून जास्त काळ नुसतं थांबायचं होतं. ब्लीचनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो आणि तो रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. घाईने चिकटवलं तर पकड कच्ची राहते.

सामान निवडताना दोन पर्याय समोर होते. फेल्डस्पारचं पारंपरिक पोर्सिलेन थरावर थर रचून भाजतात, त्यात दाताच्या आतली झाक, कडेची निळसर पारदर्शकता सगळं उतरवता येतं, पण ते नाजूक: वाकवताना तुटण्याची त्याची ताकद ६० ते १०० मेगापास्कलच्या आसपास. दुसरं लिथियम डायसिलिकेट नावाचं सिरॅमिक, त्याची ताकद साधारण ३६० ते ४००. डागांच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखीच, कारण दोन्ही मुळात काच आहेत. गुळगुळीत, ग्लेझ केलेल्या (वर चकचकीत थर भाजलेल्या) काचेत रंग शिरायला जागाच नसते. दात खाण्याची सवय बघता आम्ही लिथियम डायसिलिकेट घेतलं आणि पुढच्या बाजूला पातळ थर रचून घेतला.

शेड ठरवण्याची भेट मला फार आवडली. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, बाकी काही करायच्या आधी. तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. त्या अवस्थेत शेड घेतली तर व्हिनिअर्स कायमची जास्त पांढरी होतात. म्हणून शेड गाईडच्या पट्ट्या दाताशी लावून पटापट फोटो काढले आणि मगच बाकीची कामं सुरू झाली. मी सगळ्यात पांढऱ्या पट्टीकडे बोट दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाशी ती लावून दाखवली. मी आपसूकच दोन पट्ट्या खाली आले.

मग मेणात नव्या दातांचे आकार घडवून, त्यावरून साचा काढून, तात्पुरत्या रेझिनचा मॉक-अप थेट माझ्या दातांवर बसवला. तो घालून बोलून बघायचं, ‘स’ आणि ‘फ’ म्हणून बघायचे, हसून बघायचं. पण मॉक-अपचा खरा उपयोग घासताना झाला. डॉक्टरांनी त्याच्यावरूनच ठरावीक खोलीच्या रेघा पाडल्या. जिथे माझा दात आधीच आत होता तिथे ती खोली मॉक-अपमध्येच संपली, खालचा दात जवळजवळ तसाच राहिला. मॉक-अप नसता तर सगळीकडे सरसकट तेवढाच थर गेला असता. दाताच्या मधोमध इनॅमल सुमारे एक मिलिमीटर असतं, पण हिरडीजवळ ते अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ होतं. तिथे हात जरा जड पडला की डेंटिन उघडं. डॉक्टर त्या भागात भिंगातून बघत अगदी सावकाश काम करत होत्या. घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. हा निर्णय मागे घेता येत नाही हे त्यांनी मला आधी तोंडी सांगितलं होतं, मग लेखी दिलं होतं. तसं कोणी सांगत नसेल तर खुर्चीवर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन दातांवर कड हिरडीच्या अगदी काठावर ठेवली. मेलेल्या दातावर मात्र ती किंचित हिरडीखाली नेली, कारण मुळाकडचा काळेपणा आतून ब्लीच करूनही गेला नव्हता आणि तो हसताना दिसू नये.

प्रयोगशाळेतून व्हिनिअर्स येईपर्यंत काही आठवडे तात्पुरती रेझिनची होती. या काळात माझ्या डोळ्यांसमोर एक प्रयोगच झाला. चहा-कॉफी नेहमीसारखीच चालू होती आणि बघता बघता त्या तात्पुरत्या दातांवर पिवळट-तपकिरी थर चढला, सगळ्यात गडद दोन दातांच्या मधल्या फटीत. नंतर पोर्सिलेन बसल्यावरही सवयी त्याच राहिल्या, आणि तिथे काहीच चढलं नाही. एकच तोंड, तेच पाणी, तीच लाळ. त्यानंतर डाग पडतात का या प्रश्नाबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

चिकटवण्याच्या दिवसाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण टिकाऊपणा त्या दिवशी ठरतो आणि पेशंटला त्यातलं फारसं काही कळत नाही.

आधी व्हिनिअर्स नुसती बसवून बघितली. सुकी पापडी खोटी दिसते, म्हणून सिमेंटच्याच रंगाची पण घट्ट न होणारी, पाण्याने धुऊन जाणारी पेस्ट मधे घालून बघतात. तीन दातांना पारदर्शक पेस्ट जुळली, मेलेल्या दाताला किंचित उबदार आणि थोडी अपारदर्शक. एवढ्या पातळ थरानेही रंग बदलतो हे बघून मी थक्क झाले. खिडकीपाशी जाऊन बघितलं, खोलीतल्या दिव्यात बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘आत्ता जे बोलायचं ते बोला. चिकटवल्यावर काढायचं म्हणजे तोडायचं.’’

मग तोंडात रबर डॅम लावला, म्हणजे फक्त दात बाहेर आणि बाकी सगळं रबरी पडद्याआड. लाळेचा एक थेंब, श्वासाची ओल, हिरडीतून आलेलं जरासं रक्त, यातल्या कशानेही ती पकड बिघडते. पलीकडच्या टेबलावर व्हिनिअर्सच्या आतल्या बाजूवर हायड्रोफ्लोरिक आम्ल लावून धुतलं. लिथियम डायसिलिकेटला त्याचे वीसेक सेकंद पुरतात. मग सायलेन, जे एका बाजूने काचेला आणि दुसऱ्या बाजूने रेझिनला धरतं. दातांवर फॉस्फोरिक आम्ल, धुणं, वाळवणं. आरशात बघितलं तर दात खडूसारखे पांढरे आणि निस्तेज झालेले. ते दिसलं की इनॅमल नीट खरवडलं गेलं असं समजायचं.

सिमेंट त्यांनी फक्त दिव्याने घट्ट होणारं वापरलं. दुसऱ्या प्रकारची सिमेंटं दिव्याशिवायही आपोआप घट्ट होतात, अख्खा दात झाकणाऱ्या जाड क्राऊनखाली त्यांची गरज असते, पण त्यांत वापरल्या जाणाऱ्या अमाईन प्रकारच्या रसायनांमुळे ती काळाच्या ओघात पिवळी पडू शकतात. पातळ व्हिनिअरखाली ते पिवळेपण वर दिसतं आणि माणूस म्हणतो, पोर्सिलेन पिवळं पडलं. पोर्सिलेन तसंच असतं. पातळ पापडीतून दिव्याचा उजेड सहज आत जातो, त्यामुळे माझ्या बाबतीत दुसऱ्या प्रकाराची गरजच नव्हती.

व्हिनिअर बसवलं, क्षणभर दिवा मारून जागेवर धरलं आणि कडेने बाहेर आलेलं जास्तीचं सिमेंट काढायला सुरुवात झाली. इथे सर्वांत जास्त वेळ गेला. दोन दातांच्या मधे फ्लॉस, हिरडीच्या काठाला बारीक ब्लेड, पुन्हा फ्लॉस. शेवटी कडांवर ग्लिसरीनची जेल लावून चारी बाजूंनी पूर्ण दिवा मारला, कारण हवेतला ऑक्सिजन सिमेंटचा सगळ्यात वरचा थर घट्ट होऊ देत नाही. तो कच्चा थर कडेला राहिला की आधी तोच झिजतो आणि डागही तोच पकडतो. जेलने हवा अडवली जाते. एवढीशी गोष्ट, दोन मिनिटांची. मी ती विसरू शकत नाही, कारण पुढे जो एक डाग पडला तो अशाच कडेवर.

शेवटी निळा कागद चावायला देऊन चावा तपासला. एका ठिकाणी किंचित घासावं लागलं, आणि घासलेली जागा रबराच्या चाकांनी आणि हिऱ्याच्या पेस्टने पुन्हा चकचकीत केली. ग्लेझ गेलेलं पोर्सिलेन तसंच सोडलं तर ते डागही धरतं आणि खरखरीत कड समोरच्या खालच्या दाताचं इनॅमलही झिजवते.

सुरुवातीचे काही दिवस गार पाण्याला दात शिवशिवले, बोलताना जीभ अडखळली. दोन्ही आपोआप गेलं.

पुढची वर्षं बरीचशी शांत गेली, पण त्यातल्या काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तो डाग. एका दाताच्या बाजूच्या कडेला, फटीच्या तोंडाशी, तपकिरी बारीक रेघ दिसायला लागली. मी घाबरून गेले. डॉक्टरांनी टोकदार उपकरण त्या रेषेवरून फिरवून बघितलं, मागून दिवा लावून बघितलं. मग समजावलं की कडेचा डाग दोन प्रकारचा असतो. एक वरवरचा: सिमेंटच्या रेषेला जरा खडबडीतपणा आला आणि रंग तिथे साचला. तो पॉलिशने जातो. दुसरा आत शिरलेला: पकड सुटली, फट पडली आणि रंग पापडीच्या मागे सरकला. तो राखाडी-तपकिरी सावलीसारखा आतून पसरलेला दिसतो, पॉलिशने हलत नाही, आणि खाली कीड लागायची भीती असते. माझा पहिल्या प्रकारचा निघाला. बारीक पॉलिशिंग पट्टीने पाच-दहा मिनिटांत गेला. तेव्हापासून मी आरशात पोर्सिलेनकडे बघत नाही, त्याच्या चौकटीकडे बघते.

अक्कलदाढ काढल्यावर क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं होतं. त्याने खालच्या दातांवर आणि व्हिनिअर्सच्या कडांवर तपकिरी थर चढला. पोर्सिलेनच्या मधल्या भागावर मात्र नुसतं बोट फिरवलं तरी स्वच्छ. औषध थांबवल्यावर एका सफाईत सगळं गेलं. हे माउथवॉश गरजेपुरतं घ्यावं, चांगलं आहे म्हणून महिनोन्महिने चालू ठेवू नये.

सफाईला जाताना मी दर वेळी आधी सांगते की माझ्या वरच्या चार दातांवर व्हिनिअर्स आहेत. ती इतकी दातासारखी दिसतात की नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. कडेवर अल्ट्रासॉनिक स्केलरचं, म्हणजे कंपनांनी दात साफ करणाऱ्या यंत्राचं, टोक लागलं तर पोर्सिलेनचा टवका उडू शकतो, भरड पेस्टने किंवा जोराच्या फवाऱ्याने ग्लेझ आणि सिमेंटची रेघ खरखरीत होते. फ्लोराइडचंही बघावं लागतं. आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइडची जेल पोर्सिलेनचा पृष्ठभाग खरवडते, चकाकी घालवते. व्हिनिअर्स असतील तर न्यूट्रल सोडियम फ्लोराइड वापरायचं. दुसऱ्या एका दवाखान्यात एकदा पहिली जेल तयार ठेवली होती; मी सांगितल्याबरोबर त्यांनी ती बाजूला ठेवून दुसरी काढली. घरी साधी, कमी घर्षणाची टूथपेस्ट आणि मऊ ब्रश. कोळशाच्या किंवा पांढरं करणाऱ्या पेस्ट मी वापरत नाही. पोर्सिलेनला उजळवायचं काही नसतंच, आणि त्यातली भरड सिमेंट आणि हिरडीजवळचं मूळ झिजवते.

पोर्सिलेन बदलत नाही याची दुसरी बाजूही आहे. माझे सुळे वयाबरोबर पिवळसर झाले, व्हिनिअर्स तशीच राहिली. काही वर्षांनी तो फरक हसताना जाणवायला लागला. मी जुने ब्लीचचे ट्रे काढले, डॉक्टरांना विचारून सुळ्यांपुरती जेल वापरली आणि ते पुन्हा जवळ आणले. म्हणून सांगते, शेड निवडताना आजच्या पांढऱ्याचा नव्हे, पुढची पंधरा-वीस वर्षं शेजारच्या दातांना जिथे धरून ठेवता येईल त्या पांढऱ्याचा विचार करावा.

रात्रीचा गार्ड मी अजून घालते. कडक ॲक्रिलिकचा आहे, त्यावर खोल चरे पडलेत. ते सगळे चरे गार्ड नसता तर पोर्सिलेनच्या कडेवर पडले असते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या दंतवैद्यांनी २०१२ मध्ये ८४ रुग्णांच्या ३१८ व्हिनिअर्सचा वीस वर्षांपर्यंतचा हिशोब मांडला होता. पाच वर्षांनी ९४.४ टक्के, दहा वर्षांनी ९३.५ टक्के आणि वीस वर्षांनी सुमारे ८३ टक्के टिकलेली होती. दात खाणाऱ्यांमध्ये निकामी होण्याचा धोका ७.७ पट, मेलेल्या दातांवर धोका जास्त, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कडेचे डाग लक्षणीय जास्त. पोर्सिलेनवरचे नव्हे, कडेचे. या यादीतल्या दोन गोष्टी माझ्यात आहेत, त्यामुळे आपले दात आयुष्यभर पुरतील असं मी कोणाला सांगत नाही. दहा ते पंधरा वर्षं निर्धास्त आणि पुढे काळजीने, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

आता त्या मेलेल्या दातापाशी हिरडी थोडी सरकली आहे. हिरडीखाली लपवलेली कड वर आली, आणि तिच्यावर मुळाची काळसर रेघ दिसते. व्हिनिअर घट्ट आहे, त्याचा रंग पहिल्या दिवसाचा आहे, फक्त त्याची चौकट हलली. पुढेमागे हे एक व्हिनिअर बदलावं लागेल. जुनं काढायचं म्हणजे ते बर्रने (दात घासायच्या ड्रिलने) तोडायचं किंवा लेझरने सोडवायचं, खालचं इनॅमल शक्य तितकं वाचवायचं आणि नवीन तीन जुन्यांशी जुळवायचं. त्यासाठी लागणारी माहिती मी डॉक्टरांकडून लेखी मागून ठेवली आहे: कुठलं सिरॅमिक, कुठल्या पारदर्शकतेचा ठोकळा, दातांची शेड, सिमेंटची शेड, कुठल्या दातावर किती जाडी आणि घासल्यावर खालच्या दाताचा रंग कसा होता त्याचे फोटो. ज्यांची व्हिनिअर्स नुकतीच बसली आहेत त्यांनी ही माहिती लगेच मागून घ्यावी. दवाखाना बदलतो, प्रयोगशाळा बंद पडते, आणि दहा वर्षांनी नुसत्या नजरेने एक दात तीन दातांशी जुळवणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम असतं.